माहेरी आलेली व्हाली

पंचवीसेक वर्षांपूर्वी सौराष्ट्राच्या वेरावळ बंदरात ‘बॅरल’ म्हटलं की लोकांना पिंप नव्हे, मासा आठवायचा. जगातला सगळ्यात मोठा मासा, व्हेल शार्क. आपल्याकडे त्याला सरसकट देवमासा म्हणून टाकतात, पण देवमासा सस्तन प्राणी, तर हा कल्ल्यांनी श्वास घेणारा मासा. बारा मीटर लांबी, म्हणजे एसटीच्या गाडीएवढं धूड. पाठीवर पांढरे ठिपके, रुंद जबडा आणि खाणं मात्र पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव आणि बारीक मासळी. माणसाच्या वाटेला तो जात नाही.

बॅरल हे नाव त्याच्या मरणावरून पडलं. मासा खाण्यासाठी पृष्ठभागावर आला की बोटीवरून त्याच्या अंगात मोठा गळ रुतवायचे. गळाला दोर आणि दोराला रिकामी पिंपं. मासा जीव घेऊन बुडी मारू बघायचा, पिंपं त्याला वर खेचायची. दमला की ओढत किनाऱ्याला आणायचा. त्याच्या यकृताचं तेल पूर्वीपासून होड्यांच्या लाकडाला चोपडत, पाणी झिरपू नये म्हणून. पण नव्वदीच्या दशकात तैवानसारख्या देशांतून मांसाला आणि परांना मागणी आली आणि एकेका हंगामात शेकडो मासे कापले जाऊ लागले. या माशाला वयात यायलाच दोन-तीन दशकं लागतात. तो अशा कत्तलीपुढे टिकणं शक्यच नव्हतं.

माइक पांडे यांनी २००० साली ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटात हे दाखवलं. २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. वाघाला असलेलं कायद्याचं कवच एका माशाला मिळालं. पण ते कागदावर. ज्यांनी तो पाळायचा, त्या किनाऱ्यावरच्या बहुतेकांना असा कायदा झाल्याचं ठाऊकच नव्हतं.

खरा बदल घडला तो भाषेमुळे, असं मला ठामपणे वाटतं. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचं वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम हाती घेतली आणि रामकथाकार मोरारी बापूंना साद घातली. बापूंनी खारवा कोळ्यांना सांगितलं, की ही आपली लेक आहे, बाळंतपणाला माहेरी येते. माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारतं का? ‘बॅरल’ची ‘व्हाली’ झाली, म्हणजे लाडकी. खऱ्या आकाराचा फुगवलेला व्हेल शार्क गावोगाव फिरला, पथनाट्यं झाली. ज्या बंदरांत तो कापला जायचा, त्याच शहरांनी त्याला आपलं मानचिन्ह केलं.

शिकार थांबली, तरी जाळी होतीच. दुसऱ्याच मासळीसाठी टाकलेल्या जाळ्यात व्हाली शिरते. नायलॉन कल्ल्यांभोवती आवळतं आणि ती जितकी धडपडते, तितकं जास्तच आवळतं. मग खलाशी सुऱ्या काढतात, बोटीच्या काठावरून ओणवे होतात, कधी थेट पाण्यात उतरतात आणि एकेक पदर कापत जातात. शेवटचा पदर सुटला की ती सावकाश खाली जाते. बोटीवर फाटकं जाळं उरतं. जाळं ही कोळ्याची पुंजी. म्हणून गुजरात सरकारने त्याची भरपाई सुरू केली. सुरुवातीला वनखात्याची माणसं येईपर्यंत मासा अडकूनच राहायचा. पुढे कोळ्यांच्याच हाती कॅमेरे दिले आणि त्यांनी काढलेले फोटो पुरावा म्हणून धरले जाऊ लागले. तासन्‌तास जायचे, ते वाचले. आजवर नऊशेहून अधिक व्हेल शार्क या किनाऱ्यावर असे सुटले आहेत.

भरपाई जाळ्याची मिळते. बुडालेल्या दिवसाची आणि हातच्या गेलेल्या मासळीची नाही. समुद्र सगळ्यांचा असेल, तर तो राखण्याचा खर्च एकट्या नाखव्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे आणि तो अन्याय अजून पुरता मिटलेला नाही.

अरबी समुद्र तोच, म्हणून ही गोष्ट आपलीही. महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून अशी योजना आहे. व्हेल शार्क, समुद्री कासव यांसारखा संरक्षित जीव जाळं कापून सोडला, तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. हा अंक कोकणातल्या एखाद्या बंदराजवळच्या घरात वाचला जात असेल, तर शेजारच्या तांडेलाला एवढं जरूर सांगा: सुरी चालवण्याआधी कुणाच्या तरी हाती मोबाइल द्या.