चष्म्याचा नंबर खरेच जळतो का?

"सर, लेसरने चष्म्याचा नंबर जाळून टाकतात म्हणे. खरे का?" शुक्रवार पेठेतली शाळकरी मुले मला हा प्रश्न नेहमी विचारतात. 'जाळणे' हा शब्द लेसरला पक्का चिकटला आहे. या शस्त्रक्रियेचे मर्म मात्र तेथे काहीच जळत नाही, यातच आहे. कसे ते पाहू.

डोळ्यात शिरणारे किरण दृष्टिपटलावर एकत्र यावे लागतात. हे काम केवळ आतले भिंग करते असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी ४० हून अधिक डायॉप्टर शक्ती समोरच्या पारदर्शक पारपटलाची असते. निकटदृष्टितेत डोळा बहुधा प्रमाणापेक्षा लांब असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते आणि फळ्यावरची अक्षरे पुसट दिसतात. चष्म्याचे अंतर्वक्र भिंग किरणांना थोडे फाकवून प्रतिमा मागे सरकवते. पारपटल मध्यभागी किंचित चपटे केले तरी तेच साधते.

किंचित म्हणजे किती? चपट्या करावयाच्या भागाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये, वर्ग करा. त्याला नंबराने गुणा आणि ३ ने भागा. मधल्या भागाची खोली स्थूलमानाने मायक्रॉनमध्ये मिळते. व्यास ६ मिलिमीटर व नंबर उणे ४ असेल, तर ३६ × ४ ÷ ३ = ४८ मायक्रॉन. अर्ध्या दशांश मिलिमीटरहूनही कमी! मुळात पारपटलाची जाडीच मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते.

इतका पातळ थर काढावा कशाने? सोलापूरच्या एप्रिलमधल्या उन्हात बहिर्वक्र भिंगाने कागद पेटवून पाहिला असेल, तर भोकाच्या काळ्या पडलेल्या कडा तुम्हाला आठवतील. उष्णतेने केलेला छेद असाच करपतो. डोळ्याला ते कसे चालावे?

वाट सापडली ती १९८१ मध्ये, अमेरिकेतील आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत. मूळचे मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ रंगास्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा प्रयोगासाठी आणला. जेम्स वाइन व सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी. हिरव्या लेसरने तो तुकडा करपला. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, अतिनील एक्सायमर लेसरने मात्र सुबक, स्वच्छ खाच पडली!

कारण साधे आहे. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागले की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. हिरव्या प्रकाशासाठी ती २.३ येते, १९३ नॅनोमीटरसाठी ६.४. कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे ३.६ लागतात. म्हणजे अतिनील फोटॉन प्रथिनांचे बंध थेट तोडतो आणि सुटे झालेले तुकडे उडून जातात. शेजारच्या भागाला उष्णता पोचण्यास वेळच मिळत नाही. शिवाय हा प्रकाश पृष्ठभागीच शोषला जातो. दृष्टिपटलापर्यंत तो जात नाही. एका स्पंदात सुमारे पाव मायक्रॉन थर निघतो. आपले ४८ मायक्रॉन म्हणजे एकाच जागी दोनशेच्या आसपास स्पंद झाले.

न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी १९८३ मध्ये ही युक्ती पारपटलासाठी सुचवली. आज प्रचलित असलेल्या लॅसिक पद्धतीत पारपटलाची पातळ झडप उचलतात, आतला भाग घडवतात आणि झडप पुन्हा बसवतात. दूरदृष्टितेत मध्य सोडून भोवतालचे कडे खोदतात, म्हणजे मध्य अधिक फुगीर होतो.

मग नंबर गेला म्हणजे डोळा निर्दोष झाला का? नाही. लांब झालेला डोळा लांबच राहतो. ताणलेल्या दृष्टिपटलाला असणारा धोकाही तसाच राहतो, म्हणून मोठा नंबर असलेल्यांनी शस्त्रक्रियेनंतरही दृष्टिपटल तपासून घ्यावे. चाळिशीत वाचनाचा चष्मा लागायचा तो लागतोच. काहींचे डोळे कोरडे पडतात, काहींना रात्री दिव्याभोवती वलये दिसतात. पारपटल मुळातच पातळ किंवा दुबळे असेल, तर ही शस्त्रक्रिया करीत नाहीत. एकदा काढलेला थर परत येत नाही!

शाळेच्या वयात डोळा वाढत असतो आणि त्याबरोबर नंबरही बदलतो. म्हणून वयाची १८ वर्षे पूर्ण होऊन नंबर स्थिरावेपर्यंत थांबावे लागते. तोवर चष्मा हाच उत्तम उपाय, आणि तो लावण्यात कमीपणा कसला? शिक्षकांनी मागच्या बाकांवर जरा नजर टाकावी. फळ्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारा मुलगा आळशी असेलच असे नाही. कदाचित त्याला फळा दिसतच नसेल.