फोनमधले चित्र टीव्हीवर कसे जाते?

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ तुम्हांला आठवते का? चांद्रयान-३ चा 'विक्रम' त्या दिवशी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरणार होता. तो क्षण मुलांना एकत्र पाहता यावा म्हणून देशातल्या कितीतरी शाळा त्या संध्याकाळी मुद्दाम भरल्या होत्या. ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम अलगद टेकला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

आता अशी एक शाळा डोळ्यांसमोर आणा. वर्गात साठ मुले आहेत. भिंतीवर गावकऱ्यांनी वर्गणी काढून घेतलेला ४३ इंची टीव्ही आहे. पण केबल आलेली नाही आणि छपरावरची डिश वाऱ्याने फिरली आहे. गुरुजींच्या खिशात मात्र स्मार्टफोन आहे आणि त्यावर चंद्राचे चित्र स्वच्छ दिसते आहे. पुढची पाच-सहा मुले फोनवर वाकतात. मागच्यांना दिसतात ती फक्त पुढच्यांची डोकी! चित्र आहे, पडदाही आहे. दोहोंमध्ये अंतर आहे अवघे सहा फुटांचे. ते कसे ओलांडायचे?

'तार जोडायची, झाले!' असे कोणी म्हणेल. पण बाजारातून आणलेली तार जोडूनही टीव्हीचा पडदा काळाच राहिला, असा अनुभव पुष्कळांना येतो. तसे का होते, हे समजण्यासाठी आधी थोडे गणित करू.

चित्र म्हणजे किती माहिती?

साडेसहा इंची फोन आडवा धरला, तर त्यावरील चित्राची रुंदी साधारण १२ सेंटिमीटर भरते. ४३ इंची टीव्हीवर तीच रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर होते. म्हणजे लांबी-रुंदी जवळजवळ आठपट आणि क्षेत्रफळ साठपटींहून अधिक. साठ मुलांना टीव्ही का हवा, ते या एका आकड्यावरून कळते.

हे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. टीव्हीच्या पडद्यावर आडव्या रांगेत १,९२० आणि उभ्या रांगेत १,०८० ठिपके आहेत असे धरा. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा आणि निळा हे तीन रंग किती प्रमाणात आहेत, हे सांगायला प्रत्येक रंगामागे ८ याप्रमाणे २४ बिट लागतात. शिवाय चित्र हलते दिसायचे, तर ते सेकंदाला ६० वेळा नव्याने पाठवावे लागते. आता हे सारे गुणून पाहा. उत्तर येते सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट!

फोनच्या ज्या भोकात आपण चार्जरची पिन घालतो, त्यातून माहितीही ये-जा करते. पण यूएसबी २.० या पद्धतीची कमाल गती सेकंदाला ४८ कोटी बिट एवढीच आहे. सहा पदरी रस्त्यावरची वाहतूक पाऊलवाटेवर सोडावी, तसाच हा प्रकार. यातून सुटण्याचे दोनच उपाय आहेत. एक तर रस्ता रुंद करायचा, नाहीतर ओझे कमी करायचे. फोन टीव्हीला जोडण्याच्या बहुतेक पद्धती या दोनांपैकी एका उपायावर उभ्या आहेत.

पहिली वाट : तारेची

टीव्हीच्या मागे किंवा बाजूला एचडीएमआय लिहिलेले चपटे भोक असते. त्यात १९ पिना असतात. चित्राची माहिती तारांच्या जोड्यांमधून जाते. जोड्याच का? समजा, एका तारेत ५ आणि दुसरीत ३ एवढा विद्युतदाब आहे. टीव्ही या दोहोंतला फरक, म्हणजे २, एवढाच वाचतो. शेजारच्या पंख्याच्या मोटारीमुळे दोन्ही तारांत १ ची भर पडली, तर ६ आणि ४ होतील. पण फरक २ च राहील! बाहेरचा गोंगाट असा आपोआप वजा होतो. म्हणूनच इतक्या बारीक तारांतून कोट्यवधी बिट न चुकता जाऊ शकतात.

आता फोनकडे या. अलीकडच्या फोनांना यूएसबी-सी हे लंबगोल, उलटसुलट कसेही बसणारे भोक असते. त्यात २४ पिना असतात. काही फोनांत यांतील वेगवान जोड्या चित्रासाठी मोकळ्या करून देण्याची सोय असते. तिला 'डिस्प्लेपोर्ट ऑल्टरनेट मोड' म्हणतात. असा फोन असेल, तर यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर लावा, टीव्हीच्या रिमोटवर योग्य 'सोर्स' निवडा, की चित्र उमटलेच. ही झाली रस्ता रुंद करण्याची युक्ती.

पण येथेच फसगत होते. यूएसबी-सी हे केवळ भोकाच्या आकाराचे नाव आहे. आतमध्ये चित्राच्या तारा जोडलेल्या आहेत की नाहीत, ते आकारावरून कळत नाही. स्वस्त फोनांपैकी बहुतेकांत ही सोय नसते. अशा फोनला साधा अडॅप्टर लावला तर पडदा काळाच राहणार. त्यात अडॅप्टरचा दोष नाही, आणि टीव्हीचाही नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी फोन बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'व्हिडिओ आउट' हे शब्द शोधा. ते नसतील, तर पैसे वाचवा आणि दुसऱ्या वाटेने जा.

दुसरी वाट : बिनतारी आरसा

ही ओझे कमी करण्याची युक्ती आहे. क्रिकेटचा सामना आठवा. गोलंदाज धावत येतो, तेव्हा मैदान, गवत आणि मागची जाहिरात जागच्या जागीच असतात. बदलतात फक्त गोलंदाज आणि चेंडू. मग सगळे चित्र पुन्हा पुन्हा कशाला पाठवायचे? जे बदलले तेवढेच कळवले, तर काम भागते. २००३ साली प्रमाण ठरलेली एच.२६४ ही पद्धत चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि कोणता चौकोन कोठून कोठे सरकला याची नोंद पाठवते. त्यामुळे ३०० कोटी बिटांचे काम सुमारे ५० लाख ते १ कोटी बिटांत होऊ शकते. दुसऱ्या टोकाला टीव्ही या नोंदींवरून चित्र पुन्हा जुळवतो.

मिराकास्ट ही २०१२ साली आलेली पद्धत अशीच आहे. हिच्यात फोन आणि टीव्ही यांच्यात वाय-फायच्या लहरींनी थेट संबंध जुळतो. मध्ये राउटर लागत नाही. फोनच्या पडद्यावर जे असेल, तेच टीव्हीवर उमटते, म्हणून याला आरसा म्हणायचे. फोनमध्ये ही सोय 'स्क्रीन मिररिंग', 'स्मार्ट व्ह्यू', 'कास्ट' अशा निरनिराळ्या नावांनी असते. टीव्हीतही ती चालू करावी लागते. मात्र सर्वच फोनांत मिराकास्ट नसते. गूगलच्या पिक्सेल फोनांत ते नाही. ॲपलच्या फोनांची पद्धत एअरप्ले ही आहे, आणि ती टीव्हीत किंवा टीव्हीला जोडलेल्या उपकरणात असावी लागते.

आपल्या कल्पनेतल्या शाळेत वाय-फाय नाही. तेथे मिराकास्ट उत्तम. फोन मोबाइलच्या जाळ्यातून चित्र घेईल आणि टीव्हीला देईल.

तिसरी वाट : टीव्हीला निरोप

फोनवर व्हिडिओ चालू असताना कोपऱ्यात पडदा आणि लहरी असे चिन्ह दिसते. ते दाबले, की व्हिडिओ टीव्हीवर सुरू होतो. हे आरशासारखेच वाटते. पण आत घडते ते निराळे. फोन टीव्हीला केवळ निरोप देतो, 'अमुक व्हिडिओ अमुक पत्त्यावर आहे, तो तू आण.' मग टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून तो आणतो. फोन उरतो फक्त रिमोट म्हणून. त्यामुळे फोनची बॅटरी कमी खर्च होते आणि मध्येच फोन आला तरी चित्र थांबत नाही.

यासाठी टीव्ही स्मार्ट हवा किंवा त्याला तसे उपकरण जोडलेले हवे. शिवाय फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत. वाय-फाय नसेल तर एका फोनचे हॉटस्पॉट सुरू करा आणि त्याला टीव्ही व दुसरा फोन जोडा.

येथे डेटाचा हिशेब मात्र आधी करा. सेकंदाला ५० लाख बिट धरले, तर ४५ मिनिटांच्या, म्हणजे २,७०० सेकंदांच्या कार्यक्रमाला १,३५० कोटी बिट लागतील. ८ ने भागले की बाइट मिळतात. उत्तर सुमारे १.७ जीबी. दिवसाचा डेटा दीड जीबी असेल, तर विक्रम उतरायच्या ऐन वेळीच चित्र अडखळेल! चित्राचा दर्जा एक पायरी कमी ठेवलेला बरा.

चौथी वाट : शिदोरीची

कार्यक्रम थेट नसेल, तर सर्वांत सोपी वाट पेन ड्राइव्हची. स्वतःच्या चित्रफिती किंवा उतरवून घेण्याची परवानगी असलेले व्हिडिओ ओटीजी जोडणीने फोनमधून पेन ड्राइव्हमध्ये भरा आणि तो टीव्हीच्या यूएसबी भोकात लावा. इंटरनेट नको, डेटा नको. एक लक्षात ठेवा. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने आखलेला असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात मावत नाही.

जुना टीव्ही असेल तर?

पिवळे, पांढरे आणि तांबडे अशी तीन गोल भोके असलेला जुना, जाड टीव्ही अजून काही शाळांत आहे. पिवळ्यातून चित्र जाते, उरलेल्या दोहोंतून आवाज. त्याला अंकीय संदेश कळत नाही. मध्ये दुभाषा हवा. त्याचे नाव एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर. खरेदी करताना दिशा पाहा. एव्ही ते एचडीएमआय हे यंत्र दिसायला तसेच असते, पण काम उलटे करते. हिंदीतून मराठीत भाषांतर करणाऱ्याला मराठीतून हिंदीत करता येईलच असे नाही ना? तसेच हे! शिवाय फोनमधून एचडीएमआय संदेश बाहेर निघत असेल, तरच या दुभाष्याचा उपयोग आहे.

करून पाहा

बिनतारी आरशात चित्र आवळण्यास आणि उलगडण्यास वेळ लागतो. हा उशीर किती, ते तुम्हांला मोजता येईल. फोनवर स्टॉपवॉच सुरू करा आणि फोनचा पडदा टीव्हीवर आणा. फोन टीव्हीशेजारी धरा. दुसऱ्या फोनने दोन्ही पडद्यांचे एकच छायाचित्र काढा. फोनवर १२.४८ सेकंद आणि टीव्हीवर १२.२७ सेकंद दिसले, तर उशीर ०.२१ सेकंद. अशी दहा छायाचित्रे काढून सरासरी घ्या. तारेने जोडता येत असेल, तर तोच प्रयोग तारेने करा आणि तुलना करा. पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलतो, म्हणून साधारण ०.०२ सेकंदापेक्षा लहान फरक या रीतीने कळणार नाही. आता विचार करा. हा उशीर सिनेमा पाहताना खटकत नाही, पण फोनवरचा खेळ टीव्हीवर पाहून खेळताना का खटकतो?

हेही ध्यानात ठेवा

काही वेळा मेनू टीव्हीवर नीट दिसतो, पण सिनेमा लावला की पडदा काळा होतो. तो बिघाड नव्हे. नक्कल होऊ नये म्हणून घातलेले ते कुलूप आहे. दुसरे असे, की आरशात सर्वच दिसते. बँकेचा ओटीपी आला, तर तो साठ मुलांसमोर टीव्हीवर झळकेल! जोडण्यापूर्वी 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा आणि काम संपताच जोडणी तोडा. अनोळखी माणूस फोनवरून 'तुमचा पडदा मला दाखवा' म्हणाला, तर कधीही दाखवू नका. तोही एक आरसाच आहे, आणि त्यात समोरचा तुमची गुपिते वाचत असतो.

१९७५-७६ साली आपल्या देशात 'साइट' हा प्रयोग झाला होता. एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोचले आणि सारे गाव एका टीव्हीसमोर बसले. आज उपग्रहाकडचे चित्र खिशातल्या फोनपर्यंत आले आहे. पण एकत्र बसून पाहायचे, तर शेवटचे सहा फूट आपल्यालाच ओलांडायचे आहेत.

त्याची तयारी आतापासून करायला एक छान निमित्त आहे. २ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी, खग्रास सूर्यग्रहण आहे. इजिप्तमधील लक्सरजवळ सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ पूर्ण झाकला जाईल. तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजून गेले असतील, म्हणजे शाळेचीच वेळ. मुंबईकडून ते खंडग्रास दिसेल खरे, पण ऑगस्टातले ढग दिसू देतील का? ढगांवर आपला इलाज नाही. टीव्हीच्या काळ्या पडद्यावर मात्र आहे. आपल्या शाळेचा टीव्ही आणि फोन कोणत्या वाटेने जुळतात, ते या आठवड्यातच गुरुजींबरोबर करून पाहा आणि कागदावर लिहून टीव्हीमागे चिकटवून ठेवा. म्हणजे त्या दिवशी मागच्या रांगेतल्या मुलालाही पुढच्यांची डोकी नव्हे, तर सूर्यच दिसेल!