मरणारच, म्हणून मारावे?

न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आभाळाला भिडलेल्या इमारती, मोटारींचा पूर आणि घड्याळाच्या काट्यावर धावणारी माणसे उभी राहतात. पण न्यूयॉर्क हे नुसते शहर नव्हे. ते एक विस्तीर्ण राज्यही आहे. त्या राज्याच्या उत्तर भागात, ऑन्टारिओ सरोवरापासून जवळच, पुलास्की नावाचे एक छोटेसे गाव आहे. गावातून एक नदी वाहते आणि तिचे नावच मुळी सॅल्मन नदी. सप्टेंबर-ऑक्टोबर आले, झाडांची पाने तांबडी-पिवळी होऊ लागली, की सरोवरातले चिनूक जातीचे सॅल्मन झुंडीझुंडीने या नदीत शिरतात. सात-आठ किलोंचा एकेक मासा! उथळ पाण्यात त्यांच्या पाठी उघड्या पडतात, आणि काठावर माणसांची खांद्याला खांदा लावून रांग उभी असते.

आपल्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणण्याची चाल आहे. पण ते नाते केवळ नावाचे. खऱ्या सॅल्मनचा जीवनक्रम रावसाहून अगदी निराळा. तो जन्मतो गोड्या पाण्यात, नदीच्या खडीत. बोटभर झाला की प्रवाहाबरोबर खाली उतरतो, समुद्रात किंवा मोठ्या सरोवरात दोन-चार वर्षे खाऊनपिऊन पुष्ट होतो, आणि वीण करण्याची वेळ आली की जिथे जन्मला त्याच नदीकडे परततो. वाट तो ओळखतो ती मुख्यतः वासाने. आर्थर हॅस्लर या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1950 नंतरच्या दशकात प्रयोगांनी ही गोष्ट पुढे आणली. नदीत शिरला की तो अन्न वर्ज्य करतो. अंगच्या चरबीवर प्रवाह कापीत चढत राहतो. मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, त्यात हजारो अंडी घालते. नर ती फळवतो. आणि मग काही दिवसांतच दोघेही मरून जातात. पॅसिफिक महासागराकडच्या चिनूक, कोहो, सॉकाय वगैरे जातींची ही रीत आहे. पिल्लांचे तोंड पाहणे त्यांच्या नशिबी नाही.

आता अन्न वर्ज्य केलेल्या या माशाला धरायचे कसे? गळाला आमिष लावून बसावे, तर तो सहसा त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तेव्हा माणसाने युक्ती काढली. तीन टोकांचा मोठा आकडा घ्यायचा, त्याला शिशाचे वजन लावायचे, माशांच्या झुंडीपलीकडे तो फेकायचा आणि हिसके देत ओढायचा. आकडा पाठीत, पोटात, शेपटीत, जिथे रुतेल तिथे रुततो. मासा बाहेर येतो. इंग्रजीत याला स्नॅगिंग म्हणतात. आपण ‘आकडा मारणे’ म्हणू.

मराठी शिकवण्याचा व्यवसाय असल्यामुळे मला इथे व्याकरण आठवते. ‘मासा गळाला लागला’ असे आपण म्हणतो, तेव्हा वाक्याचा कर्ता मासा असतो. तो भुलला, त्याने तोंड उघडले, तो लागला. आमिषाला भुलण्याची सारी म्हण-वाक्प्रचारांची मिरास याच कल्पनेवर उभी आहे: फसणाऱ्याचा थोडासा तरी दोष असतो. आकडा मारण्यात हा सोयीचा समज टिकत नाही. मासा भुललेला नाही, त्याला भूकही नाही. तो आपल्या कामाला निघाला आहे, आणि वाटेत कुणीतरी त्याच्या बरगडीत लोखंड घातले आहे. इथे कर्ता एकच, तो म्हणजे माणूस.

आणि तरीही पुलास्कीला ही पद्धत कित्येक वर्षे कायदेशीर होती! ते कसे, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

ऑन्टारिओ सरोवराला पूर्वी स्वतःचा सॅल्मन होता. तो अटलांटिक जातीचा. वसाहतवाल्यांनी विणीच्या दिवसांत रात्री टेंभ्यांच्या उजेडात भाल्यांनी त्याची बेसुमार कत्तल केली, गिरण्यांसाठी ओढ्यानाल्यांवर बंधारे घातले, काठची जंगले तोडली. एकोणिसावे शतक संपता संपता तो मासा तिथून नामशेष झाला. पुढे कालव्यांच्या वाटेने समुद्रातले उपरे जीव या पंचसरोवरांत शिरले. मोठे शिकारी मासे उरलेले नव्हते, त्यामुळे एलवाइफ नावाच्या छोट्या माशांचा सुळसुळाट झाला. यावर तोड म्हणून मिशिगन राज्याने 1966 साली पॅसिफिककडचा कोहो सॅल्मन आणून सोडला. न्यूयॉर्कने 1968 पासून तोच कित्ता गिरवला. 1980 साली सॅल्मन नदीकाठच्या ऑल्टमार गावी मोठे मत्स्यबीज केंद्रही उभे राहिले.

म्हणजे पुलास्कीचा मासा हा सरकारने वाढवून सोडलेला मासा. तो नदीत चढणार, मरणार, कुजणार. मग लोकांनी तो आकड्याने ओढून नेला तर बिघडले कुठे? सरकारी धोरण या तर्काने चालले, आणि गावाचे भाग्य उजळले. लांबलांबच्या गावांहून माणसे येऊ लागली, खाणावळी भरू लागल्या, शिशाचे आकडे खपू लागले. त्याबरोबर दुसरेही काही आले. दाटीवाटी, धक्काबुक्की, तुटलेल्या दोऱ्या, आकडा तुटून जखमेसह सुटलेले मासे. अंड्यांचा उपयोग आमिषासाठी होतो, तेव्हा काही जण पोट चिरून अंडी तेवढी काढून घेत आणि मासा काठावर फेकून देत. नदीला जत्रेचे रूप आले, पण देवाशिवायच्या जत्रेचे. अखेर टप्प्याटप्प्याने ही मुभा काढून घेण्यात आली आणि 1995 पासून नदीवर आकडा मारणे पूर्णपणे बेकायदा ठरले. गावातल्या दुकानदारांना धास्ती होती की आता गाव ओस पडणार. तसे काही झाले नाही. शरद ऋतूत तिथे आजही गर्दी लोटते. फक्त मासा तोंडात गळ घेऊन आला तरच नेता येतो, नाहीतर सोडून द्यावा लागतो.

आकडेवाल्यांची बाजू मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. त्यांचे म्हणणे तीन मुद्द्यांचे होते. पहिला, मासा मरणारच आहे. दुसरा, तो तोंड उघडत नाही, मग दुसऱ्या मार्गाने धरणार कसा? तिसरा मुद्दा वर्मी लागणारा होता: महागड्या काठ्या आणि पिसांच्या माश्या घेऊन येणाऱ्या शौकिनांना आमची पद्धत गावंढळ वाटते, एवढेच, आम्ही निदान खाण्यासाठी मासा नेतो.

दुसरा मुद्दा अनुभवाने बराचसा खोटा पडला. सॅल्मनला भूक नसते, पण चीड असते. डोळ्यांपुढे काही चमकले, अंड्यांच्या गोळ्यासारखे काही वाहत आले, तर तो कधी कधी झडप घालतो. कौशल्य लागते, वेळ लागतो, आणि पुष्कळदा रिकाम्या हाताने परतावे लागते. तिसऱ्या मुद्द्यातही तथ्य आहे. सभ्यपणाचा बुरखा पांघरून तेच कृत्य करणारे शौकीन आहेतच. सॅल्मन पाण्यातून चढताना तोंडाची उघडझाप करीत असतो. लांब दोरी प्रवाहात आडवी वाहू दिली की ती त्याच्या जबड्यातून सरकते आणि गळ बाहेरून येऊन तोंडाच्या कोपऱ्यात अडकतो. कायद्याच्या दृष्टीने गळ तोंडात, म्हणून मासा हक्काचा! माशाने मात्र काहीच गिळलेले नसते. कायद्याची अक्षरे पाळून त्याचा आशय चुकवण्याची ही कला आपल्याला अपरिचित आहे असे नाही.

पण खरा मुद्दा पहिला. मरणारच आहे, म्हणून मारावे काय?

त्यात एक शब्द गाळलेला आहे. मासा मरणार आहे हे खरे; पण तो वीण झाल्यावर मरणार आहे. जो मरतो तो काम संपवून मरतो, आणि ज्याला आपण मारतो तो काम हातात असताना. वरवर फरक चार दिवसांचा. पण त्या चार दिवसांसाठीच तर त्याने सारा जन्म काढलेला असतो. शिवाय मेलेला मासा ‘वाया’ जातो हेही खरे नाही. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या नद्यांत असे दिसून आले आहे की कुजणाऱ्या सॅल्मनवर पाण्यातले किडे पोसतात, त्या किड्यांवर पुढची पिल्ले वाढतात, आणि अस्वलांनी ओढून नेलेल्या माशांतले नत्र काठच्या झाडांच्या खोडांतही सापडते. पिल्लांचे तोंड न पाहिलेले आईबाप अशा रीतीने त्यांना भरवतात. आणि पुलास्कीच्या सरकारी माशांनीही सरकारचे ऐकले नाही. त्या नदीत चिनूक आपण होऊन मोठ्या प्रमाणावर वीण करू लागले आहेत.

म्हणून आकडा हे पाप आणि गळ हे पुण्य, असे सरसकट सूत्र मांडता येईल काय? मला तसे वाटत नाही. अलास्कात गोड्या पाण्यात आकडा मारणे निषिद्ध आहे. पण समुद्रात बहुतेक ठिकाणी त्याला मुभा आहे. तिथल्या होमर गावी एका कृत्रिम खाजणात सॅल्मनची पिल्ले सोडतात. मोठे होऊन ते मासे तिथेच परततात. पण त्या खाजणाला वीण करण्याजोगी नदीच नाही. तेव्हा हंगाम सरत आला की सरकार स्वतःच काही दिवस आकडे मारण्याची परवानगी देते. हत्यार तेच, कृत्यही तेच. पण तिथे पुढची पिढी बुडत नाही. माशाला होणारी वेदना तेवढीच असते, हे मात्र विसरू नये.

याच्या उलट बाजूही आहे. कोलंबिया नदीवर सेलायलो नावाचे धबधबे होते. तिथले आदिवासी लोक हजारो वर्षे लाकडी मचाणांवर उभे राहून, चढत्या सॅल्मनला लांब दांड्यांच्या जाळ्यांनी धरीत. त्या जाळ्यात माशाला नाही म्हणण्याची संधी नव्हती. परंतु हंगामातल्या पहिल्या माशाचा सत्कार व्हायचा, आणि तो होईपर्यंत पुढची मासेमारी थांबवण्याची चाल पुष्कळ जमातींत होती. हे धबधबे 10 मार्च 1957 रोजी एका धरणाच्या पाण्याखाली गेले. सॅल्मनच्या वाटेत हजारो आकड्यांनी केले नसते ते एका भिंतीने केले, आणि ती भिंत अगदी कायदेशीर होती. पुढे वॉशिंग्टन राज्यात आदिवासींच्या मासेमारीवरून मोठा झगडा झाला. न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी 1974 साली निर्णय दिला की 1854-55 च्या करारांप्रमाणे पकडण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा त्या जमातींचा आहे. 1979 साली सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यतः कायम केला. त्यातला ‘पकडण्याजोग्या’ हा शब्द महत्त्वाचा. विणीसाठी लागणारे मासे आधी नदीत जाऊ द्यायचे, वाटणी उरलेल्यांची.

अलास्काच्या ब्रिस्टल उपसागराला मिळणाऱ्या नद्यांच्या काठी मनोरे बांधलेले आहेत. हंगामात त्यांवर माणसे बसतात आणि तासातून दहा मिनिटे वर जाणारे मासे मोजतात; त्यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. पुरेसे मासे वर गेले की जाळी टाकायची, नाहीतर हात बांधून बसायचे. आपण किती पकडले हे मोजणारे पुष्कळ असतात. आपण किती सोडले हे मोजणारी ही माणसे मला फार मोठी वाटतात.

हा विचार आपल्याला नवा नाही. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरविलेल्या स्तंभलेखात गाभण आणि दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या, डुकरिणी मारू नयेत असे सांगितले आहे. ठरावीक तिथींना मासे मारू अगर विकू नयेत, असेही त्यात आहे. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावाचून होडी लोटीत नसत, आणि आज कायद्यानेही जून-जुलैत यांत्रिक नौकांना बंदी आहे.

पण समुद्राला जी सवलत मिळाली ती ओढ्यांना मिळालेली नाही. मृगाचा पहिला दणका बसला की कोकणातल्या ओढ्यांतून, भाताच्या खाचरांतून मासे अंडी घालायला उलटे चढू लागतात. कुणी त्यांना वळगणीचे मासे म्हणतात, कुणी चढणीचे. गाव बत्त्या घेऊन धावते; पाग, टोपल्या, काठ्या, कोयते, अगदी मच्छरदाण्यासुद्धा! लहानपणी आजोळी मीही त्या चिखलात नाचलो आहे. पोटात गाभोळी भरलेला मासा ताटात पडला की आम्ही भावंडे भांडत असू. ती चव अजून जिभेवर आहे. तेव्हा पुलास्कीच्या आकडेवाल्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला कितपत पोचतो, याची शंकाच आहे. त्याच्याजवळ निदान ‘मरणारच आहे’ ही सबब होती. वळगणीचा मासा तर अंडी घालून पुन्हा खाली उतरणारा असतो. आमच्यापाशी तीही सबब नव्हती.

वळगण मोडून टाका, असे मी म्हणणार नाही. पहिल्या पावसाचा तो आनंद गरिबाच्या घरचा सण आहे. पण ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळे आडवे लावण्याआधी एक बाजू मोकळी ठेवावी, पहिल्या लोंढ्यातले काही जाऊ द्यावेत, एवढे तर गावाला ठरवता येईल. त्यासाठी मनोरे नकोत आणि न्यायमूर्तीही नकोत. जाळे टाकणाऱ्याने थोडे सरकून उभे राहिले तरी पुरे.