घर विकण्याआधी : दुरुस्ती कुणाची, कागद कुठला?

आजारपण, मुलीचं शिक्षण, नाहीतर मुलाकडे शहरात राहायला जाणं, गावातलं घर विकायची वेळ कुणावरही येते. गटाच्या बैठकीत मग एकच तक्रार ऐकू येते : घेणारा म्हणतो गच्ची गळते, मागच्या खोलीची परवानगी नाही, पैसे कमी करा. गरज आपल्याला असते, म्हणून आपण मान हलवतो. म्हणूनच आम्ही सांगतो, गिऱ्हाईक यायच्या आधी आपलं घर आपणच तपासा.

आधी घर नीट पाहा. गळती पावसात लगेच कळते. पावसाळा नसेल तर छताला आतून ओलीचे डाग आहेत का, पापुद्रे सुटलेत का, ते बघा. गिलाव्याला केसासारखी बारीक रेघ असेल तर घाबरू नका. पण दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा गेला असेल तर त्यावर काचेची पट्टी सिमेंटनं आडवी बसवा आणि शेजारी तारीख लिहा. काही आठवड्यांत काच फुटली तर तडा वाढतोय, इंजिनिअरला दाखवा. चौकटी आणि वासे ठोकून वाळवी बघा. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

मग खर्च लिहून घ्या. समजा, गच्चीच्या कामाला गवंडी २० हजार सांगतो. हा आकडा कागदावर नसेल तर घेणारा सहज ५० हजार कमी मागतो. नळ, कडी-कोयंडा अशी किरकोळ कामं आपणच करून टाकावीत. मोठ्या कामात दोनच वाटा : दुरुस्ती करून द्या, नाहीतर तेवढे पैसे कमी करा. दोन्ही देऊ नका.

दोष मात्र लपवू नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, आपल्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. ओलीवर रंग मारून घर विकलं तर नंतर भांडण कोर्टात जाऊ शकतं.

आता कागद. नमुना ८ चा उतारा म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद. तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. खरेदीखत, वारसनोंद, स्वामित्व योजनेत मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका, हेही काढून ठेवा. नवरा वारला असेल तर सगळ्या वारसांची नावं आधी लावून घ्या.

महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गावठाणात बांधायला किंवा पुन्हा बांधायला ग्रामपंचायतीची आधी परवानगी लागते. गावठाणाबाहेर बिनशेती आणि बांधकाम परवानगीचा प्रश्न येतो. त्याची चौकशी तहसील कार्यालयात करा. मागे वाढवलेली खोली कागदावर नसेल तर ती नियमित करता येते का, हे सौद्याआधीच विचारा. घेणारा कर्ज काढणार असेल तर बँक वकिलाकडून कागद आणि इंजिनिअरकडून घर तपासून घेते. तिथं अडलं की विसार घेतलेला सौदा लटकतो.

शेवटी विसार. तोंडी शब्दावर दुरुस्ती सुरू करू नका. विसारपावतीत चार गोष्टी लिहून घ्या : कोणतं काम, खर्च कुणाचा, कोणत्या तारखेपर्यंत, आणि उरलेली रक्कम कधी. आपल्याला माहीत असलेले दोषही त्यातच लिहा, म्हणजे 'आम्हाला सांगितलं नाही' असं नंतर कुणी म्हणणार नाही. वाचल्याशिवाय सही-अंगठा नको आणि एक प्रत आपल्याकडे हवीच. विसारानं मालकी जात नाही. ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखतानं जाते. त्याआधी किल्ली देऊ नका.

घर विकायचं नसलं तरी पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं नमुना ८ ची झेरॉक्स आणावी. नवरा-बायको दोघांची नावं त्यावर लावता येतात. तुमचं नाव आहे का, ते तिथंच मिळून पाहू.