भिंतीवरचे मॉस

पावसाला लागून पंधरा-वीस दिवस झाले की पर्वत पाटियाच्या जुन्या विटांच्या कुंपणांवर, गच्चीच्या कठड्यांवर आणि मोरीच्या कडेला हिरवी गादी उगवते. तिला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. परंतु ज्यावरून पाय घसरतो तो बुळबुळीत थर निराळा, आणि ही गादी निराळी. त्या थराला खोड नाही की पान नाही. हिच्यात, बारीक का होईना, दोन्ही आहेत. हिला मॉस म्हणतात. त्यांपैकी शहरात हमखास भेटणारा गट म्हणजे ब्रायम.

ब्रायमचे रोप फार तर एक-दोन सेंटिमीटर उंच. त्याला खरी मुळे नाहीत. केसांसारखे तंतू त्याला केवळ धरून ठेवतात. पान बहुतेक भागात एकाच पेशीच्या जाडीचे असल्यामुळे सर्वांगाने पाणी शोषते. म्हणूनच विटांच्या सांध्यात चिमूटभर धूळ साचली तरी त्याचा संसार चालतो. रोपे एकमेकांना खेटून उभी राहतात, आणि त्यांच्यामधल्या फटी हीच त्यांची पाण्याची टाकी होय.

उन्हाळ्यात हीच गादी काळपट पापुद्र्यासारखी दिसते, पण ती मेलेली नसते. वैशाखात तिच्यावर पाणी शिंपडून पाहावे. थोड्याच मिनिटांत पाने उलगडून हिरवी होतात. मुलांना दाखवण्याजोगा याहून स्वस्त प्रयोग माझ्या पाहण्यात नाही. फरसबंदीच्या फटींतील ब्रायम अर्जेंटियम मात्र रुपेरी दिसते, कारण त्याच्या पानांच्या टोकाकडील भागात हरितद्रव्य नसते. हे अंटार्क्टिकातही वाढते! योहान हेडविग यांच्या १८०१ साली निघालेल्या ग्रंथापासून मॉसची शास्त्रीय नावे ग्राह्य धरतात. त्यात हेही नाव आहे.

मॉसला फूल नाही, बी नाही. नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपेशीकडे जाते. पाणी नसेल तर फलन नाही. त्यानंतर बारीक देठावर खाली मान घातलेली बोंडी येते. ही वाकलेली बोंडी ब्रायमची मोठी खूण. तिचे झाकण गळले की तोंडाशी दातांच्या दोन ओळी दिसतात. हवेतील दमटपणाप्रमाणे हे दात हलतात आणि आतील बीजाणू थोडे थोडे बाहेर पडतात. रुपेरी जातीला पुष्कळदा बोंड्या येतच नाहीत. तिचे तुटके शेंडे आपल्याच चपलांना चिकटून गावभर फिरतात.

आता घरमालकांच्या कामाची गोष्ट. मॉसमुळे भिंत ओली होते असे समजून ते खरवडण्यात दरवर्षी मजुरी जाते. खरे पाहता भिंत आधी ओली असते, म्हणून मॉस येते. त्याची हिरवी रेघ कोठून सुरू होते ते पाहावे. बहुधा वर फुटकी पन्हळ, तुंबलेली नळी किंवा गच्चीतील भेग सापडते. ती बुजवली की पुढच्या पावसाळ्यात गादी आपोआप विरळ होते. गच्चीवरील मॉस मात्र पाणी आणि धूळ धरून ठेवते. ते पाणी जाण्याच्या तोंडाशी साचू देऊ नये आणि हे काम ज्येष्ठ संपण्यापूर्वी, गादी कोरडी असतानाच करावे. तेव्हा ती झाडूने सहज निघते.