बोअरचं पाणी, केळीचं खत आणि बाळाची बाटली

मागच्या भागात आपण आर्सेनिकवर बोललो. वर्षानुवर्षं तसं पाणी प्यायलं की अंगावर ठिपके येतात, तळहात-तळपाय खरखरीत होतात, पुढे त्वचेचा नाहीतर मूत्राशयाचा कॅन्सरसुद्धा. त्यावर धुळ्याहून एकाचा मेसेज आला, "भाऊ, हे बंगालचं झालं. आपल्याकडे काय?"

बरोबर विचारलंस भाऊ. आर्सेनिकचा मोठा पट्टा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळात आहे. आपल्याकडे नाव येतं नायट्रेटचं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटचा सगळ्यात जास्त त्रास असलेल्या १५ जिल्ह्यांत आपलं जळगाव आहे. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम.

येतं कुठून? केळीला, कपाशीला आपण युरिया देतो. पीक सगळा उचलत नाही. उरलेला पाण्याबरोबर खाली झिरपतो. विहिरीजवळचा उकिरडा आणि संडासाचा खड्डाही त्यात भर घालतात. वास नाही, रंग नाही, चव नाही.

खरा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. त्याच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन पोचवायचं थांबतं. ओठ, नखं निळसर दिसतात. अमेरिकेतल्या आयोवात १९४५ मध्ये कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध पहिल्यांदा मांडला. अंगावर पिणाऱ्या बाळाला ही भीती जवळपास नाही. पावडरचं दूध बोअरच्या पाण्यात कालवलं, तर आहे. बाळ निळं दिसलं की थेट दवाखाना गाठा, आणि डॉक्टरांना पाणी कुठलं ते सांगा.

आता हे नीट ऐका. आजी म्हणते पाणी उकळून दे. जंतूंसाठी एकदम बरोबर. पण नायट्रेट उकळून जात नाही. वाफ उडते आणि उरलेल्या पाण्यात ते जास्त दाट होतं. टीसीएल पावडर, तुरटी, साधा कँडल फिल्टर, कशानेच जात नाही. आरओने कमी होतं.

मोठ्यांच्या कॅन्सरशी संबंधावर अभ्यास सुरू आहेत, पण तेवढ्यावरून व्हॉट्सॲपवर गावाला घाबरवणं मला पटत नाही. त्यापेक्षा तपासा. ग्रामपंचायतीत फील्ड टेस्ट किट आहे का विचारा, नाहीतर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या. एकदा पावसाळ्याआधी, एकदा नंतर. पावसाने खत खाली उतरतं, त्यामुळे दोन्ही आकडे वेगळे येऊ शकतात.