जुन्या वस्तूंची नवी ऊब

झोपायला आणि अभ्यासाला आपली स्वतःची खोली, निदान खोलीचा एक कोपरा असावा, असे तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल. तो कोपरा उबदार आणि नीटनेटका करायचा म्हटला, की दुकानातली नवी गादी, नवे कपाट डोळ्यांपुढे येते आणि पाठोपाठ त्यांच्या किमतीही येतात. पण घरातला माळा, नातेवाइकांनी काढून टाकलेले सामान किंवा गावचा जुना बाजार यांतूनही अशी खोली उभी राहू शकते. कारण ऊब वस्तूच्या नवेपणावर अवलंबून नसते. ती कशावर अवलंबून असते हे एकदा कळले, की कोणती जुनी वस्तू घरात आणावी आणि कोणती उंबऱ्याबाहेरच ठेवावी, हे आपले आपल्यालाच ठरवता येते.

गोधडी ऊब देते का?

गोधडी ऊब देते असे आपण म्हणतो खरे. पण गोधडीजवळ देण्यासारखी उष्णता नसतेच! उष्णता निर्माण होते ती आपल्या शरीरात. झोपलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून दर सेकंदाला साधारण ७० ते ८० ज्यूल उष्णता बाहेर पडत असते. थंडीच्या रात्री ती झपाट्याने निघून जाते, म्हणून आपण कुडकुडतो. गोधडीचे काम इतकेच, की तिने ही उष्णता सावकाश जाऊ द्यायची.

हे काम कापडापेक्षाही कापडात अडकलेली हवा अधिक करते. हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. मात्र मोकळी हवा तापली की हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी थंड हवा येते आणि अभिसरणाने उष्णता वाहून नेली जाते. याच हवेला लहान लहान जागांत कोंडून ठेवले, तर तिला हलता येत नाही. अभिसरण थांबते आणि हवेचा मंदवाहकपणा कामी येतो.

आता गोधडीची घडण पाहा. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याची चार पदरी घडी घातली, की लांबी दोन मीटरांहून थोडी अधिक भरते. म्हणजे एका माणसाच्या पांघरुणाएवढी. अशी दोन लुगडी एकावर एक ठेवली, तर कापडाचे आठ थर होतात आणि त्यांच्या दरम्यान हवेचे सात पातळ थर. धावदोऱ्याचे टाके हे थर सरकू देत नाहीत. शिवाय वर्षानुवर्षे धुतलेल्या सुती कापडातली खळ निघून गेलेली असते. ते मऊ होते, अंगालगत बसते आणि कडेने वारा शिरू देत नाही. येथे जुनेपणा हा दोष नसून गुण आहे.

जुन्या कापसाच्या गादीचेही असेच आहे. वर्षानुवर्षांच्या वापराने कापूस दबून घट्ट होतो, त्याच्या तंतूंमधली हवा निघून जाते आणि गादी कडक लागते. पिंजारी तो कापूस पिंजतो, तेव्हा तो नवा कापूस फारसा घालत नाही. तो जुन्या कापसात पुन्हा हवा भरतो!

करून पाहा

एकाच आकाराचे चार स्टीलचे पेले घ्या. एक तसाच ठेवा. दुसऱ्याला जुन्या सुती कापडाचे सहा-सात वेढे सैलसर गुंडाळा. तिसऱ्याला तेवढेच वेढे अगदी घट्ट आवळून बांधा. चौथ्याला दुसऱ्यासारखेच, पण ओले करून पिळलेले कापड गुंडाळा. चारही पेल्यांत सारखेच गरम पाणी ओतून त्यांवर सारखी झाकणे ठेवा. दर पाच मिनिटांनी तापमापीने तापमान मोजा आणि चौघांचे आलेख एकाच कागदावर काढा. गरम पाणी ओतताना मोठ्यांची मदत घ्या.

सैल वेढ्यांच्या पेल्यातले पाणी सर्वांत जास्त वेळ गरम राहील. ओल्या कापडाच्या पेल्याकडे मात्र नीट लक्ष द्या. पाणी हे स्थिर हवेपेक्षा वीसपटींहून अधिक चांगले उष्णतावाहक आहे. शिवाय त्याचे बाष्पीभवन होताना ते उष्णता घेऊन जाते. पावसाळ्यात सर्दावलेल्या पांघरुणात ऊब का मिळत नाही, याचे उत्तर तुमच्या आलेखात सापडेल.

फरशी, ट्रंक आणि कपाट

हिवाळ्यात शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेवला की तो चटकन मागे घेतला जातो. शेजारच्या सतरंजीवर ठेवला तर तसे होत नाही. वास्तविक दोघींचे तापमान सारखेच असते. फरशी पायाची उष्णता भराभर ओढून घेते, सतरंजी घेत नाही, एवढाच फरक. म्हणून विरलेली सतरंजी टाकून न देता दुहेरी करून पलंगाशेजारी अंथरावी. लोखंडी पलंगाच्या थंड कठड्यावर जुन्या चादरीची घडी टाकली, तरी तोच लाभ होतो.

जुनी पत्र्याची ट्रंक पलंगाखाली ठेवली, की बिनमोसमाचे कपडे आणि वह्या तिच्यात जातात आणि खोली मोकळी होते. ती जमिनीवर थेट न ठेवता चार विटांवर ठेवावी, म्हणजे खालून ओल लागून गंजणार नाही. कपाटही बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये. मध्ये चार बोटे जागा सोडावी. पावसाळ्यात अशा भिंती थंड आणि दमट असतात. तेथे हवा खेळली नाही, तर ओल वाळत नाही आणि कपाटाच्या पाठीवर बुरशी धरते. गंमत पाहा: पांघरुणात हवा अडकवायची आणि कपाटामागे ती खेळती ठेवायची!

अभ्यासाचे टेबल खिडकीजवळ असावे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने खिडकी डाव्या बाजूला ठेवावी, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. रात्री छोटा दिवा छतावर नेण्यापेक्षा टेबलाजवळ आणावा. अशा दिव्याचे अंतर निम्मे केले, तर वहीवर पडणारा उजेड जवळजवळ चौपट होतो.

जुन्या वस्तूंबरोबर येणारे पाहुणे

जुन्या वस्तूबरोबर काही न बोलावलेले पाहुणेही घरात येऊ शकतात. त्यांची तपासणी अंगणातच करावी.

पहिला पाहुणा ढेकूण. हा चपटा किडा पलंगाच्या सांध्यांत आणि गादीच्या शिवणीत लपतो आणि अन्नावाचून काही महिने तग धरतो. सांध्यांजवळचे बारीक काळे ठिपके ही त्याची खूण. सांध्यांत उकळते पाणी ओतण्याची जुनी पद्धत शास्त्राला धरून आहे, कारण पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसच्या पुढे ढेकूण आणि त्यांची अंडी तग धरू शकत नाहीत. हे काम अर्थातच मोठ्यांनी करायचे. मग गादी उन्हात टाकली तर? वरचा भाग तापतो, पण आतला कापूस आणि त्यातली हवा ते ऊन खोलवर पोहोचू देत नाहीत. जी हवा आपल्याला थंडीपासून वाचवते, तीच ढेकणाला उन्हापासून वाचवते! म्हणून उन्हाने गादी कोरडी होते, पण ढेकूणमुक्त होतेच असे नाही. जुनी गादी घेतलीच, तर ती उसवून कापूस पिंजून घ्यावा आणि अभ्रा उकळत्या पाण्यात धुवावा. फोमची जुनी गादी अशी आतून साफ करता येत नाही. ती घेऊच नये.

दुसरा पाहुणा लाकूड पोखरणारा किडा. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोके आणि खाली ताजा, पिठासारखा भुसा दिसला, तर किडा अजून आत आहे असे समजावे.

तिसरा पाहुणा डोळ्यांना दिसत नाही आणि तोच सर्वांत घातक आहे. तो म्हणजे जुन्या रंगातले शिसे. रंग लवकर वाळावा, टिकावा आणि झळकावा यासाठी पूर्वी त्यात शिशाची संयुगे घालत. पिवळ्या रंगातले लेड क्रोमेट हे त्यांतलेच एक. भारतात घरगुती रंगांतले शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या पाळण्यात, खुर्चीत किंवा कपाटात त्याहून कितीतरी अधिक शिसे असू शकते. रंग अखंड असेल तोवर धोका कमी. पण तो पोपडे होऊन गळू लागला किंवा कोणी कोरड्या पॉलिशपेपरने घासला, की त्याची धूळ होते. ती रांगणाऱ्या बाळाच्या हाताला लागते आणि हातातून तोंडात जाते. शरीर शिशाला कॅल्शियमसारखे वागवते, त्याला हाडांत साठवते. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि झालेली हानी भरून निघत नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, जाळू नये. अखंड रंग ओल्या फडक्याने पुसून त्यावर नवा हात द्यावा. पोपडे निघालेली वस्तू, ती कितीही स्वस्त मिळाली तरी, झोपण्याच्या खोलीत आणू नये.

चौथी गोष्ट जुन्या टेबलदिव्याची. त्याच्या वायरचे आवरण तडकलेले असेल, तर दिवा घ्यावा पण वायर, प्लग आणि होल्डर जाणकाराकडून बदलून घ्यावेत. त्यात ६० वॉटच्या जुन्या बल्बऐवजी ९ वॉटचा एलईडी बल्ब लावला, तर उजेड जवळपास तेवढाच मिळतो आणि कापडी छत्री तापून करपत नाही.

या सुट्टीत घरातली एखादी अडगळीतली वस्तू निवडा. तिच्यात हवा कोठे अडकते, ओल कोठे साठते, तिच्यावरचा रंग केव्हाचा आहे, हे प्रश्न तिला विचारा आणि उत्तरे वहीत लिहा. तिची जागा खोलीत आहे की खोलीबाहेर, ते त्या उत्तरांवरूनच ठरेल.